थोरलीचे झाकण

"माणसं जातात, पोलाद राहतं!" अशी गर्जना करून संग्रहालयाच्या प्रमुखांनी रणगाड्याच्या मडगार्डवर थाप मारली आणि मडगार्ड निखळून त्यांच्या पायावर पडले.

उद्याच्या समारंभातल्या भाषणाची ही तालीम होती. श्रोता म्हणून एकटा वेल्डर हजर होता. त्याने पडलेल्या पत्र्याकडे पाहिले, मग प्रमुखांच्या बुटाकडे पाहिले आणि अदबीने विचारले, "साहेब, हेपण जोडायचं का?"

"तुला सांगितलंय तेवढं कर," प्रमुख एका पायावर उभे राहून म्हणाले. "झाकणं बंद कर. सगळी. कायमची."

"नुसते टाके मारू, का पूर्ण वेल्ड?"

"पूर्ण. पुढच्या पिढ्यांना उघडता आलं नाही पाहिजे."

पुढच्या पिढ्यांवर प्रमुखांचा राग होता असे नाही. पण हा रणगाडा उद्या संग्रहालयाच्या आवारातून निघून शहरातल्या मोठ्या चौकात, मधल्या गोल हिरवळीवर जाऊन बसणार होता. चौकातल्या रणगाड्याचे झाकण उघडे राहिले की आधी त्यात मांजर विते, मग पोरे लपंडाव खेळतात आणि शेवटी एखादा गृहस्थ चूल मांडतो, असा त्यांचा अनुभव होता. शौर्याचे स्मारक आणि वर वाळत घातलेली लुंगी, हे दृश्य त्यांनी एकदा पाहिले होते. पुन्हा पाहण्याची त्यांची तयारी नव्हती.

आवारात निवृत्त रणगाडे ओळीने उभे होते. काहींची चाके जमिनीत रुतली होती, काहींच्या तोफा दुपारी झोप लागलेल्या माणसाच्या मानेसारख्या खाली झुकल्या होत्या. प्रत्येकापुढे एक पाटी होती. या रणगाड्यापुढच्या पाटीवर लिहिले होते, "हा रणगाडा आता पूर्णपणे निश्चल आहे. कृपया वर चढू नये."

ही पाटी साफ खोटी आहे, हे फक्त ड्रायव्हरकाकांना ठाऊक होते.

ड्रायव्हरकाका या संग्रहालयात हौसेने येत. आलेल्या लोकांना माहिती सांगत, आणि लोक नसले की, म्हणजे बहुतेक वेळा, ग्रीसचा डबा घेऊन याच रणगाड्याशी खुडबुड करत. तरुणपणी त्यांनी हाच चालवला होता. पलटणीतली ही सगळ्यांत जुनी गाडी, म्हणून तिला सगळे 'थोरली' म्हणायचे. संग्रहालयात थोरली आली त्याच महिन्यात काकाही आले. पुस्तकात तिच्याबद्दल जे छापले होते ते प्रमुखांना पाठ होते, आणि काकांना त्याबद्दल काही तक्रार नव्हती. त्यांचे म्हणणे एवढेच की चालायचे नसले म्हणून सांधे धरू द्यायचे नसतात. हे वाक्य ते स्वतःच्या गुडघ्यांना आणि थोरलीच्या तोफेला सारख्याच प्रेमाने म्हणत. गुडघ्यांनी ऐकले नव्हते. तोफेने ऐकले होते.

झाकणे कायमची बंद होणार हे कळल्यावर काका प्रमुखांच्या खोलीत गेले होते.

"एकदा आत बसू द्या. वेल्डरचा चहा होईपर्यंत. मग घाला वेल्ड."

"बसा की काका! तुमचीच गाडी."

"मी एकटा नाही. माझा गनर येईल."

"दोन वीरांची भेट!" प्रमुखांचे डोळे चमकले. "भाषणात घालतो."

दोन वीरांची भेट खरे तर दर आठवड्याला होत असे. काका गनरच्या घरी जात, समोरच्या खुर्चीत बसत. ज्या माणसाच्या पुढ्यात बसून त्यांनी अर्धी नोकरी काढली, ज्याच्या बुटांचा वास त्यांना आजही आठवत होता, तो माणूस त्यांच्याकडे सभ्यपणे पाहून विचारी, "आपण मीटर बघायला आलात ना?" आठवण हळूहळू झिजत गेली होती. आधी माणसांची नावे गेली, मग नाती, मग चेहरे. पहिल्या वेळी काकांनी समजावून सांगण्याचा प्रयत्न केला. दुसऱ्या वेळी रडले. त्यानंतर ते मुकाट्याने उठून मीटर बघायला लागले. मीटर बघितला की गनरचे समाधान होई आणि मग दोघांना शांतपणे बसता येई.

"माझंही तेच आहे काका," गनरची मुलगी म्हणायची. वडिलांसाठी ती आपले घर सोडून इथे येऊन राहिली होती. "मला बाई म्हणतात. काल म्हणाले, बाई, तुम्ही फार चांगल्या आहात, तुमच्या घरी कोणी वाट बघत नाही का?"

आता थोरलीत बसवले तर नेम्याला आपण आठवू, अशी काकांना आशा होती. नेम्या म्हणजे गनर. नेम कधी चुकला नाही म्हणून हे नाव. आणि काकांना गनर म्हणायचा काडी, कारण त्या काळी काका आगपेटीतल्या काडीइतकेच रुंद होते. आता त्या काडीचे ओंडक्यात रूपांतर झाले होते, पण ते मनावर घेतले नाही तर बाकी सगळे तेच होते. थोरली होती, ड्रायव्हर होता, गनर होता. एकदा, फक्त एकदा त्याने काडी म्हणावे. मग ते झाकण खुशाल बंद करा.

मुलगी वडिलांना घेऊन आली तेव्हा वेल्डरने चहाचा पेला हातात घेतला होता.

"आपण इथले का?" गनरने काकांना नमस्कार करून विचारले. "फार लोखंड आहे हो तुमच्याकडे."

थोरलीच्या पुढच्या बाजूला, अगदी खाली, ड्रायव्हरची जागा असते. त्याला वरून एक स्वतंत्र छोटे झाकण. काकांनी ते उघडले आणि पाय आत सोडले. आत जाणे सोपे गेले, कारण वजन त्यांच्याच बाजूने होते. पोटापाशी एकदा थोडा विचारविनिमय झाला, मग 'भस्स' असा आवाज होऊन ते एकदम बसले.

गनरची जागा वरच्या फिरत्या घुमटात, तोफेशेजारी. मुलीला काळजी होती की बाबा वर चढणार कसे. पण सकाळी ज्यांना शर्टाची बटणेही दुसऱ्याने लावून द्यावी लागली होती, त्या गनरने थोरलीच्या अंगावर हात ठेवला आणि हाताला हाताची जागा सापडली, पायाला पायाची. कोणी धरायच्या आत ते वर पोचले आणि आत उतरले.

आत अंधार होता. जुन्या तेलाचा वास होता. मागून काही हालचाल नव्हती. मग त्या अंधारातून एक आवाज आला. तो मीटरवाल्याशी बोलणाऱ्या सभ्य गृहस्थाचा नव्हता. तो खणखणीत होता.

"ड्रायव्हर! झाकण?"

आणि काकांचा हात आपोआप वर गेला. त्याने झाकण ओढून घेतले, खटका लावला, आणि तोंड आपोआप म्हणाले, "बंद!"

याला कोणी मूर्खपणा म्हणू नये. ड्रायव्हरचे डोके बाहेर असताना तोफ फिरवली तर ते डोके उरत नाही. म्हणून गनरने विचारायचे, ड्रायव्हरने झाकण लावायचे, 'बंद' म्हणायचे आणि मग गनरने तोफ फिरवायची. ही सवय त्यांच्या हाडांत अशी मुरली होती की लग्नाच्या पहिल्या वर्षी काकांच्या बायकोने स्वयंपाकघरातून "झाकण?" असे विचारले, तेव्हा ते अंगणातून "बंद!" असे ओरडले होते. तिला पिठाच्या डब्याचे झाकण हवे होते.

"कर्र, कर्र, कर्र," असा आवाज सुरू झाला. गनर हाताने तोफेचे चाक फिरवत होते.

बाहेर वेल्डरचा पेला तोंडाशी थांबला. "साहेब, पाटीवर लिहिलंय, ही गाडी निश्चल आहे."

"पूर्णपणे," प्रमुख पायाचे बोट चोळत म्हणाले.

"मग तोफ इकडे का येतेय?"

प्रमुखांनी वर पाहिले. एवढी वर्षे शेजारच्या शौचालयाकडे रोखलेली तोफ शांतपणे वळत त्यांच्याकडे येत होती. ती पूर्ण समोर आली आणि थांबली. नळीच्या तोंडात लाकडाचा बोळा ठोकलेला आहे हे प्रमुखांना ठाऊक होते, कारण तो त्यांनीच ठोकून घेतला होता. तरीही ते बाकामागे जाऊन बसले.

तेवढ्यात वरचे झाकणही धाडकन लागले आणि आतून कडी सरकल्याचा आवाज झाला. हासुद्धा नियमच होता.

काकांना परिस्थिती समजली ती जरा उशिरा. त्यांनी आपले झाकण वर ढकलले. ते बोटभर उचलले गेले आणि 'ठण्ण' करून थांबले. वर बरोबर तोफेची नळी आली होती. तोफ बाजूला गेल्याशिवाय हे झाकण उघडणे शक्य नव्हते. मागे घुमटात जायला आतून एक अरुंद वाट होती. पूर्वी ते त्या वाटेने सापासारखे जात. आता त्यांनी एक खांदा घातला, दुसरा घातला, आणि पोटाने साफ नकार दिला. पुन्हा जागेवर यायलाच त्यांना भरपूर कष्ट पडले.

"पुढे कोण धापा टाकतंय?" वरून आवाज आला.

"मी आहे."

"मी कोण?"

काका घाबरले. परीक्षेत एकच प्रश्न असावा आणि तोच समोर यावा, तसे त्यांचे झाले.

"बोल ना. आवाज तर काडीचा वाटतोय."

"काडीच आहे मी!"

"मग सरळ सांग की! मीटर वाचल्यासारखा काय बोलतोस?" आणि वरून एक लाथ आली. ड्रायव्हरच्या पाठीत बूट टेकवणे ही गनरची जुनी खोड होती. आज बुटाऐवजी चप्पल होती आणि ती पाठीपर्यंत न पोचता कुठल्याशा पाइपवर आपटली. काकांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरले. त्यांना हसायचे होते की रडायचे होते, हे त्या अंधारात त्यांनाही दिसले नाही.

बाहेर मात्र प्रकरण वाढले. मुलगी घुमटावर थापा मारून "बाबा, उघडा! बाबा!" अशा हाका मारू लागली. प्रमुखांनी बाकामागूनच बंबवाल्यांना फोन केला. घंटा घणघणवत बंब आला. त्यांच्या म्होरक्याने उतरताच विचारले, "आग कुठाय?"

"आग नाही. आत दोन माणसं अडकलीत."

"युद्धात?"

"नाही हो, आत्ता!"

बंबाची घंटा ऐकून रस्त्यावरची माणसे आत आली. संग्रहालय उघडल्यापासून एवढी गर्दी झाली नव्हती. काही तरी कार्यक्रम आहे असे समजून लोक जागा धरून बसले. एकाने तिकीट कुठे मिळते ते विचारले, तेव्हा एवढ्या घाईतही प्रमुखांनी खिडकी दाखवली.

"झाकण कापावं लागेल," म्होरक्या म्हणाला.

"खबरदार! हा वारसा आहे! ओरखडासुद्धा चालणार नाही."

"गॅस आहे माझ्याकडे," वेल्डर म्हणाला. "तुमचं काय ते ठरवा. मला झाकणं बंद करायला सांगितलीत आणि ती बंद झालेलीच आहेत. आत माणसं ठेवून वेल्ड मारायचा की काढून, एवढंच सांगा."

"असं करू," म्होरक्या म्हणाला. "तोफेला दोर लावून सगळ्यांनी ओढू."

दोर लावला. बंबवाले ओढू लागले. आत गनरच्या हातातले चाक थरथरले. "काडी, कोण तरी तोफ ओढतंय!"

"वारा असेल."

"वारा? हे बघ." आणि त्यांनी चाक उलटे फिरवले. दोर धरलेले बंबवाले एका ओळीत डावीकडे सरकले. गनरने चाक सुलटे फिरवले. बंबवाले उजवीकडे सरकले. तोफ ज्या बाजूला वळे त्या बाजूचे प्रेक्षक उठून पळत आणि दुसऱ्या बाजूचे टाळ्या वाजवत. काही वेळाने तोफ पुन्हा काकांच्या झाकणावर येऊन थांबली आणि म्होरक्याने दोर सोडून घाम पुसला. "आत किती जण आहेत म्हणालात?"

शेवटी प्रमुखांनी सूत्रे हाती घेतली. ते पुढे झाले आणि काकांच्या झाकणाच्या बोटभर फटीपाशी तोंड नेऊन ओरडले, "संग्रहालय प्रशासनाच्या वतीने असे सूचित करण्यात येत आहे की, तोफ तात्काळ बाजूस घेण्यात यावी!"

"काडी, बाहेर हा कोण कारकून आलाय?"

"रसदीचा आहे. डबे मोजतोय."

"त्याला सांग, हुकूम साहेबांचाच चालतो." आणि मग, जरा थांबून, "साहेब कुठायत रे? केव्हाचे बोलत नाहीत."

साहेब म्हणजे त्यांचा कमांडर. घुमटात गनरच्या मागे बसणारा. काकांना जीभ आवरली नाही. खोटे बोलायची त्यांना सवय नव्हती. "साहेब गेले, नेम्या. कधीच गेले. आपण दोघं होतो की तेव्हा."

मग त्या पोलादी डब्यात म्हातारे, मोडके रडणे ऐकू येऊ लागले. "गेले? मला कोणी सांगितलं कसं नाही? काडी, मला सांगायचं नाही होय रे?" ही बातमी गनरला कैक वर्षांपूर्वी एकदा कळली होती. आज ती नवी कोरी होऊन पुन्हा आली होती. काका अंधारात बसून ऐकत राहिले. पाठीवर हात ठेवायला मधली वाट अरुंद होती.

हळूहळू रडणे थांबले. नाक ओढल्याचा आवाज आला. मग त्याच खणखणीत आवाजात गनर म्हणाले, "साहेब कुठायत रे? केव्हाचे बोलत नाहीत."

"बाहेर उभेत," काका म्हणाले. "नकाशा बघतायत."

"मग ठीक आहे." आणि गनर निश्चिंत झाले.

खोटे किती स्वस्त आणि किती उपयोगी असते, हे काकांना फार उशिरा कळले. त्याबरोबर आणखी एक गोष्ट कळली. साहेबांच्या नावाने हुकूम दिला तर नेम्या तोफ लगेच बाजूला घेईल. आत्ताच्या आत्ता सुटता येईल. बाहेर बंबवाले, दोर, गॅस, प्रमुख, कशाचीही गरज नाही. काकांनी हुकूम द्यायला तोंड उघडले.

आणि मिटले.

सुटलो की उजेड येणार. उजेडात नेम्या आपल्याकडे बघणार. अंधारात आपला आवाज अजून काडीचा आहे. उजेडात आपण मीटरवाले.

"नेम्या," ते म्हणाले, "घाई नाही ना तुला?"

"मला कसली घाई? बस निवांत. बाहेर ती कोण बाई रडतेय?"

मुलगी फटीशी आली होती. थापा मारून तिचे हात लाल झाले होते. काकांना फटीतून तिची हनुवटी तेवढी दिसली. त्यांनी आवाज मुद्दाम मोठा केला. "नेम्या, तुला मुलगी झाली ना रे?"

बाहेरची हनुवटी थांबली.

"झाली की! तू पेढ्याबिढ्याचं विचारू नकोस, खिशात काही नाही. अरे काडी, एवढीशी मूठ आहे तिची. सुट्टी संपली, निघालो, तर माझं बोट धरून बसली. सोडेचना. बोट सोडवून घ्यायचं माझ्याच्यानं होईना. उभाच राहिलो तसा. गाडी चुकली माझी."

"म्हणून साहेबांनी शिक्षा दिली होती होय तुला?"

"दिली. देऊ देत. परत धरलं तर परत चुकवीन गाडी."

बाहेर म्होरक्याने बंबावरचे कापायचे मशीन चालू केले तशी मुलगी वळून त्याच्यावर कडाडली, "बंद करा ते! थांबा जरा."

"अहो बाई, तुम्हीच बोलावलंत ना आम्हाला?"

"थांबा म्हणते ना!" आणि तिने गरम पत्र्याला कान लावला. म्होरक्याने वेल्डरकडे पाहिले. वेल्डरने दुसरा चहा ओतून घेतला.

आत दोघे बोलत होते. म्हणजे गनर बोलत होते. मुलीचे नाव काय ठेवावे याची त्यांना चिंता होती. काकांनी दोन-तीन नावे सुचवली, ती गनरने साफ मोडीत काढली. मग काकांनी हळूच मुलीचे खरे नाव सुचवले. "हे बरंय," गनर म्हणाले. "तुझं डोकं कधी कधी चालतं." बाहेर पत्र्याला लावलेल्या कानामागून पाणी ओघळत होते.

पण ऊन चढत होते आणि थोरली तापत होती. गनरच्या बोलण्यात मधेमधे श्वास अडकू लागला. वाक्ये छोटी झाली. "काडी, उकडतंय फार," ते म्हणाले. "साहेबांना विचार ना, झाकण उघडू का?"

बाहेरून मुलगी फटीतून हलक्या आवाजात म्हणाली, "काका, त्यांना दम लागतोय. आता... आता आणा बाहेर."

काकांनी कपाळावरचा घाम पुसला. तरुणपणी ते साहेबांची हुबेहूब नक्कल करत. नाकातला आवाज, शेवटचा शब्द गिळण्याची लकब, मधेच खाकरणे. ती पलटणीत सगळ्यांना माहीत होती, फक्त साहेबांना नव्हती. एवढ्या वर्षांनी ती जमेल की नाही, शंका होती.

"नेम्या, आधी एकदा नाव घे माझं."

"काडी. काय झालं? घाबरलास काय?"

"नाही." काका खाकरले. मग नाकातून, शेवटचा शब्द गिळत, हुकूम दिला, "गनर! तोफ उजवीकडे! आणि झाकण उघ..."

मग घुमटात हास्याचा असा गडगडाट झाला की बाहेर बंबवाले दोन पावले मागे सरले. "हलकट! साहेबांची नक्कल करतोस! ते बाहेर उभे असताना!" गनर हसत होते, खोकत होते, पुन्हा हसत होते. "ऐकलं असेल त्यांनी, मेलास तू काडी! घे, फिरवली बघ."

कर्र, कर्र, कर्र. चाक लोण्यासारखे फिरत होते. इतकी वर्षे त्या दात्यांना आपणच ग्रीस भरले, याचा ड्रायव्हरकाकांना त्या क्षणी आयुष्यात प्रथमच पश्चात्ताप झाला. कुठे तरी अडकावे, निदान थोडे, असे त्यांना वाटले. अडकले नाही. नळीची सावली झाकणावरून सरकली. बंबवाल्यांनी झाकण उचलले आणि उजेड धबाधबा आत ओतला.

चार जणांनी काकांना बगलेत धरून ओढले. पोटापाशी पुन्हा तीच चर्चा झाली, शर्टाचा एक भाग थोरलीकडेच राहिला आणि काका बाहेर आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रमुख पुढे येऊन काही ऐतिहासिक बोलणार होते, पण वेल्डरने त्यांना हाताने मागे धरले. वेल्डरने आपण होऊन केलेले दिवसातले ते एकच काम.

वरचे झाकण उघडले. गनर बाहेर डोकावले, उन्हाने डोळे मिचकावले. मुलीने त्यांना शिडीवरून खाली आणले. त्यांच्या गालांवर अजून हसू होते, ओठांत काहीतरी पुटपुटणे चालू होते.

काका थोरलीच्या पुढ्यात, आपल्या झाकणापाशीच उभे होते. त्यांनी बाहीने तोंड पुसले, त्यामुळे ग्रीस सगळीकडे सारखे पसरले. केस हाताने बसवले. मग श्वास रोखून पोट जितके आत जाईल तितके आत ओढले आणि तसेच ताठ उभे राहिले.

"बाबा," मुलगी म्हणाली. "हे बघा कोण आहेत."

गनर जवळ आले. त्यांनी काकांकडे निरखून पाहिले. काळवंडलेला चेहरा, फाटका शर्ट, भरून आलेले डोळे, सगळे पाहिले. त्यांची नजर काकांच्या खांद्यावरून मागच्या उघड्या झाकणाकडे गेली, पुन्हा काकांवर आली. मग त्यांनी अत्यंत सभ्यपणे हात जोडले.

"माफ करा हं," ते म्हणाले, "जरा बाजूला उभे राहता का? आमचा ड्रायव्हर अजून आत आहे. त्याला बाहेर यायला वाट हवी."